सैल बांगड्या

ठाण्याच्या सरकारी इस्पितळात मी एक वर्ष आणि वर काही दिवस राहिलो. राहिलो म्हणजे खरोखरच राहिलो. डॉक्टरीची परीक्षा उतरल्यावर आमच्यापैकी ज्यांना अशी जागा मिळे त्यांना 'रेसिडेंट' म्हणत, आणि त्याचा अर्थ सिव्हिल सर्जन साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. इस्पितळाच्या आवारात झोपायचे, तिथेच जेवायचे आणि परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही. बायकांच्या वॉर्डाला लागून एक खोली मला दिली होती. खाट, मेज, कपड्यांना खुंटी. भिंतीला भोक पाडून त्यातून एक सुतळी ओवली होती. पलीकडून कोणी ती ओढली की माझ्या उशाशी घंटा वाजे.

या राहण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. उलट, आपल्यावर एवढा विश्वास टाकला आहे याचेच मला अप्रूप होते. माझे वडील कल्याणला कासार. बाजारपेठेत त्यांचे लहानसे दुकान होते, आणि लग्नसराईत खांद्यावर बांगड्यांचे ओझे घेऊन ते आसपासची गावे करीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. ज्या हेडमास्तरांनी मला आपल्या ओसरीवर बसवून इंग्रजी शिकवले आणि दहाव्या वर्षी मुंबईला शाळेत पाठवण्यासाठी वडिलांचे मन वळवले, त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. मी पास झालो तेव्हा वडिलांनी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला ती बातमी सांगितली.

"आता कासारमामांच्या घरी नाडी बघणारा आला म्हणायचा," बायका म्हणत.

"हात माझाच आहे तो," वडील म्हणत. "मी मनगट धरतो, तोही मनगटच धरतो."

वडिलांचे नाव होते ते घट्ट बांगडीसाठी. बाईचा हात हातात घेतला की तिला कोणत्या मापाची बांगडी बसेल ते त्यांना कळे, आणि ते नेहमी त्याहून एक माप कमी घेत. तेलाचे बोट फिरवायचे, अंगठा तळव्यात दुमडायचा, हाडे चेपत चेपत बांगडी वर सरकवायची. बाई डोळे मिटून घेई आणि उघडी तोवर बांगडी मनगटावर बसलेली असे. ती मग वर्षभर जागची हलत नसे. बांगडी न फोडता काढण्यातही त्यांचा हात कोणी धरला नसता. सुटीत घरी आलो की मी तासन् तास ते बघत बसे. ही कला मला येत नव्हती, पण ती आपल्या रक्तात आहे असे मला वाटे.

मिठाचा हंगाम होता. एके सकाळी आठच्या सुमारास खाडीपलीकडून, कळव्याच्या बाजूने, दोन बायका होडीने आल्या. पुढे सासू, मागे सून. सून विशीच्या आतबाहेरची असेल. तिने उजवा हात डाव्या हातात लहान मूल धरावे तसा धरला होता. तीन दिवसांपूर्वी मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा तिच्या तळव्यात घुसला होता. त्यावर ती दोन दिवस मिठागरात मीठ ओढायचा दांडा ओढत राहिली. आता हात कोपरापर्यंत सुजला होता. तळवा ताणून चकाकत होता, आणि मनगटावर हिरव्या काचेच्या सात बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या. दोन तर दिसतच नव्हत्या. नुसती खाच दिसत होती.

साहेब दौऱ्यावर निघण्याच्या तयारीत होते. शहापूरच्या बाजूला दवाखान्यांची तपासणी होती आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होते. त्यांनी उभ्याउभ्याच हात पाहिला, बोटांची नखे दाबून पाहिली आणि मला तीन गोष्टी सांगितल्या. आधी बांगड्या काढायच्या. मग तळव्याला चीर देऊन पू काढायचा. मग हात उंच ठेवून शेक द्यायचा. "पहिले काम पहिले," असे घोड्यावर बसतानाही त्यांनी पुन्हा म्हटले.

ड्रेसर, म्हणजे आमचा मलमपट्टीवाला, पलटणीतून आलेला साताऱ्याकडचा म्हातारा होता. त्याने सांगायची वाट न पाहता पक्कड आणली. ती बघताच सासू सुनेच्या खाटेसमोर उभी राहिली.

"कोन हात लावतं बगते मी! माजा पोऱ्या दर्यावं हाय. बांगऱ्या फोरून माज्या पोऱ्याच्या जिवावं उठताव?"

मुलगा गलबतावर खलाशी होता. मलबारकडे गेलेला, पावसाआधी यायचा होता. नवरा समुद्रावर असताना बायकोच्या हातातली बांगडी फोडायची म्हणजे काय, हे मला सांगायला नको होते. बांगडी पिचली तर आमच्या दुकानात 'फुटली' असा शब्द कोणी उच्चारीत नसे, 'वाढवली' म्हणत. नवे लग्न झालेली पोर बांगडी फुटली म्हणून दुकानाच्या पायरीवर रडताना मी पाहिली आहे. साहेबांना हे कळणार नाही, ड्रेसरला त्याची पर्वा नाही, मला मात्र कळते, असे त्या वेळी माझ्या मनात आले. त्यात दया होती. पण थोडी ऐटही होती, हे आज लिहायला हवे.

"आजी, मी कासाराचा मुलगा आहे," मी म्हणालो. "एकही बांगडी न फोडता काढतो."

सासू बघतच राहिली. "कासाराचा? तू डाक्तर नं?"

"दोन्ही."

ड्रेसर हसला. "कासाराचं पोर न् बांगडी फोडायला भितंय! अवं डाक्तर, साहेब काय बोलून गेलं?"

"माझ्या लक्षात आहे," मी म्हणालो.

मी तेल घेतले. वडिलांनी केले असते तसे सगळे केले. अंगठा दुमडला, हाडांवर दाब दिला. सुजलेल्या हातात हाडे लागतच नाहीत. तो पिठाच्या गोळ्यासारखा होता, फक्त त्याला वेदना होत होत्या. पोर ओरडली नाही. तिने पदर तोंडात कोंबला आणि तिचे डोळे फिरले. मी थांबलो.

मग मी दुसरे काम पहिले केले. तळव्याला चीर दिली. भरपूर पू आला, आणि मला हायसे वाटले. पू गेला की सूज उतरेल, सूज उतरली की दुपारपर्यंत बांगड्या सैल होतील, असा मी हिशेब बांधला. आणि तोवर वडिलांना बोलावून घ्यावे. मला फाटकाबाहेर जाता येत नव्हते, म्हणून चिठ्ठी देऊन ड्रेसरला कल्याणच्या गाडीला पाठवले. जाताना तो म्हणाला, "चिठ्ठीनं नाय भागलं तर पक्कड हाय, हितंच ठिवतो." त्याने ती माझ्या मेजावर ठेवली.

दुपारी वॉर्डात बायकांची माणसे थांबू देत नसत. सासू बाहेर वडाखाली जाऊन बसली. मी शेक देत होतो. सूज उतरली नव्हती. मी स्वतःला सांगत होतो की वाढलेली तरी नाही, आणि तेही खरे नव्हते. बोटांची टोके गार लागत होती. नखे दाबली तर रंग परत यायला फार वेळ लागे. पुस्तकात याला काय म्हणतात ते मला पाठ होते.

तेवढ्यात ती पोर पहिल्यांदाच बोलली.

"दादा."

"काय गं?"

"लय ठनकतं." मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, "फोर तू. म्हातारीला मी सांगन."

मी तिच्याकडे पाहिले. पक्कड पलीकडच्या खोलीत मेजावर होती. वीस पावले.

"थांब थोडी," मी म्हणालो. "माझे वडील येतायत. त्यांच्यासारखा हात नाही कोणाचा. तुझी एकही बांगडी जाणार नाही."

तिने मान भिंतीकडे केली.

मी तिचे का ऐकले नाही, याचा विचार मी पुढे फार केला. सासूला शब्द दिला होता हे खरे. पण सासू बाहेर होती आणि हात हिचा होता. खरे कारण एवढेच आहे की मला वडिलांना तिथे बघायचे होते. ज्या इस्पितळात साहेब सुरी चालवतात तिथे माझ्या वडिलांनी येऊन नुसत्या बोटांनी काम करावे आणि ते सगळ्यांनी पाहावे, असे मला वाटत होते. साहेबांना दुसऱ्या दिवशी मी ते सांगणार होतो. कसे सांगायचे तेही मी मनात जुळवून ठेवले होते.

वडील दुपारच्या गाडीने आले नाहीत. त्या दिवशी ते खडवलीकडच्या एका गावी लग्नघरी चुडा भरायला गेले होते. ड्रेसर दुकानाच्या फळीवर त्यांची वाट बघत बसून राहिला. शेवटी दिवस कलता कलता दोघे फाटकातून आत आले. वडील वहाणा बाहेर काढून, पागोटे सावरत वॉर्डात शिरले, आणि त्यांच्यामागोमाग वडाखालून सासूही आली. इस्पितळात ते पहिल्यांदाच येत होते. खाटांच्या रांगेकडे त्यांनी पाहिले, मग माझ्या अंगावरच्या कोटाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी दिवसभर डोळ्यांसमोर आणले होते. ते एक क्षण टिकले.

मी त्यांना तिचा हात दाखवला. त्यांनी तो हातात घेतला. चेपला नाही. नुसते बोटांवरून आपले बोट फिरवले आणि लगेच काढून घेतले.

"हे कधीपासून असं आहे?"

"सकाळपासून."

"आणि तू मला बोलवायला माणूस धाडलास?"

"बाबा, तिचा नवरा समुद्रावर आहे. फोडायच्या कशा?"

वडिलांनी सासूकडे पाहिले. "बाई, हळकुंड आहे का तुमच्याकडे?"

सासूने कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात सुपारी, तंबाखू आणि हळकुंडाचा एक तुकडा होता. वडिलांनी आपल्या ओझ्यातला सुती दोरा काढला, पाण्यात हळद उगाळून तो पिवळा केला आणि सुनेच्या त्याच दंडावर, सुजेच्या वर, सैलसा बांधला. "आता हा हात मोकळा नाही," ते सासूला म्हणाले. "दोरा आहे तोवर बांगडी गेली तरी चालते. हात बरा झाला की मी स्वतः येऊन भरीन. माझ्याकडून. आता वाढवू का?"

"वाढवा की," सासू म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मंग हे सकालीच का नाय बोललास?"

मला हे ठाऊकच नव्हते. दहाव्या वर्षी घर सोडले त्याला बारा-चौदा वर्षे झाली होती. बांगडी फुटण्याचे भय घेऊन मी गेलो होतो. त्यावरचा उपाय मात्र मी कधी पाहिला नव्हता, कारण तो दुकानात होत नाही. तो बाळंतिणीच्या खोलीत होतो, आजाऱ्याच्या अंथरुणापाशी होतो.

"तुझ्या आईच्या हाताला गळू झालं होतं तेव्हा असंच केलं होतं," वडील म्हणाले. "तू मुंबईस होतास." हे त्यांनी रागाने म्हटले नाही. त्यांचे लक्ष हाताकडे होते. बांगडीखाली सरकवायला त्यांनी ओले फडके मागितले, ड्रेसरने पक्कड दिली, आणि साती बांगड्या संपायला मला वाटते पाच मिनिटेही लागली नसतील. एकाही काचेचा ओरखडा तिला लागला नाही. त्यांचा हात खरोखरच तसा होता. मनगटावर पांढरे, खोल वळ उरले होते. आम्ही सगळे बोटांकडे बघत बसलो. त्यांचा रंग बदलला नाही.

वडील शेवटच्या गाडीला निघाले. काचा त्यांनी फडक्यात गोळा केल्या होत्या. फाटकापर्यंत मी गेलो. पुढे मला जाता येत नव्हते.

"वाचेल ना रे हात?" त्यांनी विचारले.

"वाचेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले तेव्हा चार बोटे काळी पडली होती आणि वास यायला लागला होता. साहेबांनी मनगटावरचे वळ पाहिले.

"बांगड्या कधी काढल्या?"

"काल संध्याकाळी, सर."

"मी सकाळी सांगितले होते."

"सासू फोडू देत नव्हती, सर."

यातले प्रत्येक अक्षर खरे होते. साहेबांनी मान हलवली, या देशातल्या लोकांबद्दल काहीतरी पुटपुटले आणि केसच्या कागदावर लिहिले, 'नातेवाइकांची हरकत'. मी ते वाचले. दुपारचे मी काही सांगितले नाही. तासाभराने त्यांनी तिचा हात मनगटाच्या वर चार बोटे कापला. क्लोरोफॉर्म मी दिला. तिच्या नाकावर फडके धरताना तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तिला मोठमोठ्याने आकडे म्हणायला सांगितले. तिला वीसपर्यंतच येत होते. ते संपल्यावर ती पुन्हा एकपासून म्हणू लागली.

जखम भरायला सव्वा महिना लागला. हात गेल्याचे मी वडिलांना कळवले होते, एवढेच. या दिवसांत मी तिची पट्टी ड्रेसरला करू दिली नाही, स्वतः केली. ती माझ्याशी कधी वाकडे बोलली नाही. सरळही फारशी बोलली नाही. सासू मला येता-जाता दुवा देई, खाडीतले खेकडे आणून देई. मी ते घेत असे. जाताना सासूने माझ्या पायांना हात लावला तेव्हा मी मागे सरलो. तिला वाटले, डॉक्टर फार साधा माणूस आहे.

वर्ष संपल्यावर साहेबांनी मला दाखला दिला. 'आज्ञाधारक, कष्टाळू आणि रुग्णांशी दयाळू,' असे त्यात होते. साहेब कडक होते, पण त्यांनी मला जे शिकवले त्यावर मी पुढे तीस वर्षे काम केले, आणि त्यांच्याबद्दलची कृतज्ञता मनातून गेलेली नाही. माझी पहिली नेमणूक त्या दाखल्यावर झाली. दुसरीही. दाखला अजून माझ्या पेटीत आहे. त्यातला पहिला शब्द मी एकदाच वाचला. पुन्हा वाचवला नाही.

नेमणुकीच्या गावी जाण्याआधी चार दिवस मी कल्याणला घरी होतो. दुकानात वडिलांच्या शेजारी बसलो होतो. एक बाई आली, आणि तिच्या मागून एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस. तो दुकानाच्या पायरीशी उकिडवा बसला. बाईने पदराखालून डावा हात पुढे केला तेव्हा मी तिला ओळखले. माणूस तिचा नवरा होता. पावसाआधी सुखरूप परतला होता.

"कासारमामा," ती म्हणाली, "तुमी बोललंव्हतंव, भरीन म्हून."

वडील झटकन उठले. तिला पाट दिला, पाणी दिले. "ये, ये. बस माझे आई." त्यांनी तिच्या नवऱ्यालाही वर बोलावले. तो पायरीवरच बरा होता.

"आगरावर जातेस का?" वडिलांनी विचारले.

"दांड्याला दोन हात लागतान. सासू जाते. मी पोरा बगते, रांधते." मग म्हणाली, "रांधायलापन दोन लागतान. पन होते."

वडिलांनी हिरवी बांगडी निवडली. तेलाचे बोट फिरवले आणि सवयीने तिचा अंगठा दुमडला. तिने हात मागे घेतला नाही, पण तिचे अंग ताठ झाले. मी काहीतरी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "तुझा नवरा आला. बरं झालं."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या दुपारी दाराकडे बघून बोलली होती त्याच हळू आवाजात ती म्हणाली, "मी तुला बोललेली. फोर म्हून."

रागाने नाही. विसरलो असेन तर आठवण असावी, अशा स्वरात.

वडिलांची बोटे थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बांगडी अर्ध्यावर होती. ती त्यांनी परत बाहेर काढली, ओळीत ठेवली आणि वरच्या मापाची दुसरी घेतली. ती अलगद मनगटावर उतरली, इतकी अलगद की तिने हात खाली केला तेव्हा बांगडी घसरून तळव्याशी आली. तशा सात भरल्या. पैसे घेतले नाहीत. ती आणि तिचा नवरा ठाण्याच्या गाडीला गेली.

त्यावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. पण वडिलांनी त्यानंतर कोणालाही घट्ट बांगडी भरली नाही. जुनी गिऱ्हाईके आधी हसली. "कासारमामा, ही बांगडी मनगटावर पळतेय की! डोळे गेले का हात?" वडील म्हणत, "असू दे, वारा जाईल." मग हळूहळू त्या पेठेतल्या दुसऱ्या कासाराकडे जाऊ लागल्या. सुटीत घरी यायचो तेव्हा वडील बहुधा रिकाम्या दुकानात बसलेले असत. मी शेजारी बसे. एखादी चुकून आलीच, तर ते तिचा हात हातात घेत, माप ओळखत, आणि दोन मापे मोठी बांगडी उचलत.